साहेबाच्या फार्सपासून मोरूच्या मावशीपर्यंत

१८५३ साल वऱ्हाडी माणसाने ध्यानात ठेवावे असे आहे. त्या वर्षी निजामाने वऱ्हाडचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. एप्रिलात मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. आणि त्याच्या महिनाभर आधी, मार्चात, सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी मुंबईच्या ग्रँट रोडवरच्या नाटकगृहात आपला मराठी खेळ लावला. या तीन गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. पण पुढच्या पन्नास वर्षांत अकोला-अमरावतीकडच्या माणसाला इंग्रजी विनोदी नाटकाची जी ओळख झाली ती याच तीन वाटांनी: सरकारी शाळेतून, रेल्वेने आलेल्या नाटक मंडळ्यांकडून, आणि मुंबईच्या रंगभूमीने साहेबाकडून उचललेल्या फार्समधून.

अकोटच्या हौशी नाटकवाल्यांनी जुनी विनोदी नाटके पुन्हा वाचायला घेतली, त्यातल्या काहींच्या संहिता एकत्र छापायच्या ठरवल्या, आणि प्रस्तावना माझ्या गळ्यात पडली. ही नाटके मुळात कुठली, इथवर कशी आली आणि वाटेत त्यांचे काय काय बदलले, एवढे सांगण्याचा इरादा आहे. त्यातही भर शेवटच्या प्रश्नावर. ‘हॅम्लेट’ मराठीत आले तेव्हा त्याला फारसे काही बदलावे लागले नाही. बापाचा खून झालेला राजपुत्र कोणत्याही मुलखात शोक करू शकतो. विनोदी नाटकाची गोष्ट वेगळी. त्याला घर लागते, शेजार लागतो, कोण कोणाशी कुठे बोलू शकतो याचे नियम लागतात, आणि ते नियम प्रेक्षकाला तोंडपाठ असावे लागतात. ते मोडले की हसू येते. लंडनचे नियम वऱ्हाडात कोणाला ठाऊक?

आधी साहेबाच्या बाजूने पाहू. मुंबईत कोटातल्या हिरवळीवर, ज्याला तेव्हा बॉम्बे ग्रीन म्हणत, १७७६ साली वर्गणी काढून नाटकगृह बांधले गेले. तिथे कंपनीचे नोकर आणि पलटणीतले अधिकारी हौसेने नाटके करत. शेरिडन आणि गोल्डस्मिथ ही त्या काळच्या अशा प्रत्येक रंगमंचावरची हुकमी नावे. हे नाटकगृह कर्जात बुडाले आणि १८३५ साली विकले गेले. नंतर जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर ग्रँट रोडला नवे नाटकगृह उभे राहिले. १८४६ च्या फेब्रुवारीत ते उघडले. पण कोटात आणि मलबार हिलवर राहणाऱ्या गोऱ्या मंडळींना ते लांब पडे, वस्तीही त्यांच्या पसंतीची नव्हती. जागा रिकामी राहू लागली, आणि जिथे इंग्रजी प्रहसने व्हायची तिथे सात वर्षांत भाव्यांचे राक्षस ‘अलल डुर्र’ करत नाचू लागले. इंग्रजांनी नेटिवांना नाटक शिकवण्यासाठी काही ते बांधले नव्हते. त्यांनी सोडले, आपण धरले, इतकेच.

त्या काळच्या इंग्रजी नाटकाची रात्र लांबलचक असे. आधी पाच अंकी मोठे नाटक, त्यानंतर अंकभराचा एक फार्स. लंडनला रात्री नऊच्या सुमारास अर्ध्या पैशात लोकांना आत सोडत, आणि दिवसभर दुकानात खपलेली माणसे फार्ससाठी म्हणूनच येत. हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये तर मोठ्या नाटकापेक्षा फार्सच सोयीचे. माणसे चार, जागा एक खोली, तालमी थोड्या. बायकांची कामे पुष्कळदा तरणे लेफ्टनंटच करत, तेव्हा आपल्याकडच्या स्त्रीपार्ट्यांना हसण्याचा साहेबाला फारसा हक्क नव्हता. जॉन मॅडिसन मॉर्टनचा ‘बॉक्स अँड कॉक्स’ हा १८४७ चा फार्स या सगळ्यांचा लाडका. एक घरमालकीण एकच खोली दोघांना भाड्याने देते. एक छापखान्यात रात्रपाळी करतो, दुसरा टोपीवाल्याकडे दिवसा. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, आणि मालकीण दोन्हीकडून भाडे खाते. एक दिवस टोपीवाल्याला सुटी मिळते आणि दोघे समोरासमोर येतात. इंग्रजांच्या प्रत्येक वसाहतीत या फार्सने लोक हसवले. आपल्या गिरणगावात मात्र एकाच गाळ्यात पाळीपाळीने झोपणे हा रोजचा व्यवहार होता. तिथे हा फार्स लागला असता तर कामगाराने विचारले असते की यात हसण्यासारखे काय आहे.

छावणीतल्या साहेबाला या नाटकांतून काय मिळत होते हे समजायला सिमल्याकडे पाहावे. तिथले गेटी थिएटर १८८७ साली उघडले, हेन्री आयर्विन या वास्तुशास्त्रज्ञाने ते बांधले. लंडनला गाजलेले नाटक थोड्याच काळात सिमल्याला लागे. किपलिंगने तिथे काम केले. पुढे बालवीर चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलने १८९७ मध्ये तिथेच ‘द गैशा’त भूमिका केली. सात समुद्रांपलीकडे असलेल्या माणसाला दोन तास आपण घरीच आहोत असे वाटावे, एवढाच त्याचा उपयोग. बाहेर दुष्काळ असो, प्लेग असो, आत दिवाणखाना असे, चहा असे, आणि चुकीच्या माणसाला मिळालेली चिठ्ठी असे.

पण साहेबाच्या विनोदाची दुसरीही एक बाजू होती. डेव्ह कार्सन नावाचा एक विनोदी नट १८६०-७० च्या दशकांत हिंदुस्थानभर फिरला. बंगाली बाबूची, पारशाची नक्कल हा त्याचा हातखंडा. मोडक्या हिंदुस्थानीत गाणी म्हणून तो गोऱ्या प्रेक्षकांना लोळवत असे. कलकत्त्याला त्याने आपल्या खेळाची जाहिरात ‘पक्का तमाशा’ म्हणून केली. १८७३ साली अर्धेंदुशेखर मुस्तफी या बंगाली नटाने त्याला जबाब म्हणून ‘मुस्तफी साहेब का पक्का तमाशा’ लावला आणि साहेबाची नक्कल केली. विनोद हा असा दोन्हीकडे चालणारा आहे हे सरकारच्या तेव्हाच लक्षात आले असावे. तीन वर्षांनी प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीवरून कलकत्त्यात एक प्रहसन झाले, आणि त्या निमित्ताने १८७६ चा नाट्यप्रयोगांवरचा कायदा आला. पुढे १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली, पण नाटकांच्या मुसक्या बांधणारा कायदा जन्माला घातला तो एका फार्सने.

बंगालचे नाव निघाले तर लेबेदेफला टाळून चालणार नाही. गेरासिम लेबेदेफ हा रशियन वादक. त्याने १७९५ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला ‘द डिसगाइज’ या इंग्रजी सुखात्मिकेचे बंगाली रूपांतर रंगमंचावर आणले, बंगाली नट आणि नटी घेऊन. हिंदुस्थानी भाषेत पाश्चात्त्य धाटणीचे हे पहिले नाटक समजतात. शोकांतिका न निवडता सुखात्मिका का निवडली याचे त्याने नंतर लिहून ठेवलेले कारण असे की इथल्या लोकांना गंभीर उपदेशापेक्षा नकला आणि थट्टा जास्त आवडते. हे परक्याचे मत म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. आमच्या वऱ्हाडातल्या सोंगी भजनाच्या फडात तासभर बसलेल्या माणसाला ते पटेल.

मराठी रंगभूमीवर फार्स आला तो याच साहेबी रात्रीच्या नमुन्यावर. भाव्यांच्या खेळात हसवायला विदूषक होताच. सूत्रधार मंगलाचरण म्हणतो, झाडपाला अंगाला गुंडाळलेला विदूषक वेड्यावाकड्या उड्या मारत येतो, मग गणपती, मग मोरावरची सरस्वती, मग आख्यान. पण राम-रावणाच्या आख्यानानंतर, पहाटेच्या आधी, धोतर-पगडीतली आजची माणसे रंगमंचावर यावीत आणि त्यांनी आजच्या गोष्टी बोलाव्यात, हे भाव्यांच्या मूळ कल्पनेत नव्हते. १८५० च्या दशकात मुंबईत अमरचंदवाडीकर मंडळींनी अशी प्रहसने लावली आणि पाहता पाहता पौराणिक खेळाच्या शेपटाला फार्स जोडणे हा रिवाज झाला. पारशी मंडळ्यांनीही तेच केले; १८५३ च्या ऑक्टोबरात पारशी नाटक मंडळीने रुस्तम-सोहराबाच्या मागोमाग फार्स लावला होता. विषय ठराविक असत. म्हातारा नवरा आणि पोरगेली बायको, दारू पिणारा सुधारक, साहेबाची चाल उचलणारा बाबू, भोंदू भट. यांतला म्हातारा नवरा पुढे देवलांच्या ‘शारदे’त भुजंगनाथ होऊन आला आणि त्याला पाहून हसणारे लोक शेवटी गप्प झाले. जाता जाता सांगतो, जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्ना’तही विदूषक आहे आणि तो भटाचे कारस्थान प्रेक्षकाला फोडून सांगतो. ते नाटक त्या काळी रंगमंचावर आले नाही. आले असते तर मराठी विनोदाचा रस्ता कदाचित साहेबाच्या दिवाणखान्याला वळसा घालून गेला असता.

या फार्सवाल्यांना इंग्रजी नाटकाचा आकार मिळाला, पण मजकूर पदरचा. इंग्रजी सुखात्मिकेचा मजकूर मराठीत यायला कॉलेजे निघावी लागली. बी. ए.ला शेक्सपिअर नेमलेला असे. परीक्षेसाठी घोकता घोकता एखाद्याला वाटे की हे आपल्या भाषेत आणावे. १८७८ साली ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ हे ‘भ्रांतिकृत चमत्कार’ होऊन आले. जुळ्या भावांचा घोळ कोणत्याही भाषेत चालतो, त्याला रूपांतरकाराची फार परीक्षा नाही.

आणि इथे आपल्या मुलखाचा माणूस येतो. विष्णु मोरेश्वर महाजनी डेक्कन कॉलेजातून एम. ए. झाले आणि वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात आले. अकोल्याची सरकारी शाळा, मग खात्यातल्या वरच्या जागा, शेवटी वऱ्हाडच्या शिक्षणखात्याचे प्रमुखपद. सारा जन्म त्यांनी इकडेच काढला. १९०७ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. या शाळाखात्यातल्या माणसाने शेक्सपिअरची तीन नाटके मराठीत आणली: ‘सिंबेलिन’वरून ‘तारा’ १८७९ मध्ये, ‘विंटर्स टेल’वरून ‘मोहविलसित’ १८८१ मध्ये, आणि ‘ऑल्ज वेल दॅट एंड्ज वेल’वरून ‘वल्लभानुनय’ १८८७ मध्ये. निवड पाहा. एकही शोकांतिका नाही. तिन्ही नाटकांत नवरा बायकोवर संशय घेतो किंवा तिला टाकून जातो, ती सगळे सोसते, आणि शेवटी खूण पटून दोघे एकत्र येतात.

मला यात महाजनींचे शहाणपण दिसते. प्रेक्षकाला न शिकवता समजेल अशी गोष्ट त्यांनी शोधली. टाकलेली बायको, विसरलेला नवरा, ओळख पटवणारी अंगठी, हे कीर्तनातून आणि ‘शाकुंतला’तून इथल्या माणसाच्या रक्तात मुरलेले होते. ‘वल्लभानुनया’च्या मूळ नाटकात तर नवरा म्हणतो, माझ्या बोटातली अंगठी मिळव आणि माझे मूल पोटात वाढव, मगच बायको म्हणेन, आणि बायको युक्तीने दोन्ही करून दाखवते. इंग्रज टीकाकारांना हे कथानक आजही अवघड जाते. आमच्या आज्यांना ते व्रताच्या कहाणीइतके सरळ वाटले असते.

‘तारा’ रंगमंचावरही आले. इचलकरंजीकर मंडळींनी सयाजीराव गायकवाडांच्या लग्नसमारंभात बडोद्याला त्याचा प्रयोग केला. तिथल्या कॉलेजातले प्राध्यापक हॅरल्ड लिटलडेल तो पाहायला गेले आणि १८८० साली त्यांनी ‘मॅकमिलन्स मॅगझिन’मध्ये त्यावर लेख लिहिला. लंडनच्या वाचकाने ‘सिंबेलिन’ हिंदू नाटकगृहात कसे दिसते ते वाचले, आणि त्या ‘सिंबेलिन’चा मराठी लेखक वऱ्हाडच्या शाळाखात्यात नोकरी करत होता. पुण्या-मुंबईच्या नाट्यइतिहासांत महाजनींना एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही. वऱ्हाडकरांनी तरी ती चूक करू नये.

महाजनींनी वळसा घातला तो प्रश्न मात्र इतरांसमोर उभाच होता. इंग्रजी सुखात्मिकेच्या मध्यभागी एक वयात आलेली, लग्न न झालेली मुलगी असते. ती बागेत जाते, पुरुषाशी बोलते, त्याला नाकारते, चिठ्ठी लिहिते, रुसते. सगळा घोटाळा तिच्या भोवती फिरतो. १८८०-९० च्या मराठी घरात अशी मुलगी कुठून आणायची? तिचे आठव्या-दहाव्या वर्षी लग्न झालेले. नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलायची चोरी, मग परक्याशी कसली बोलते? रखमाबाईंचा खटला, १८९१ चा संमतिवयाचा कायदा, त्यावरून पेटलेला वाद, हे सगळे याच वर्षांतले. नायिकाच नाही तर नायक कोणाच्या खिडकीखाली उभा राहणार?

वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’ घेतले आणि नायिकेला राजेशाही वातावरणात ठेवून सुटका करून घेतली. तिचे नाव त्राटिका, तिला वठणीवर आणणारा प्रतापराव. शाहूनगरवासी मंडळीने हे नाटक बसवले. गणपतराव जोशी प्रतापराव, बळवंतराव जोग त्राटिका. नाटक धो धो चालले. ते चालण्याचे कारण केवळ नटांची ताकद होती असे मला वाटत नाही. ज्या दशकात शिकलेली बाई हा महाराष्ट्रातल्या घराघरातला वादाचा विषय होता, त्या दशकात तोंडाळ बाईला सरळ केलेली पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांना शेक्सपिअरशी काही कर्तव्य नव्हते. नारायण बापूजी कानिटकरांची ‘तरुणीशिक्षणनाटिका’ १८८६ ची; तीही शिकलेल्या मुलींची रेवडी उडवणारी. विनोद नेहमी सुधारकांच्याच बाजूने असतो असे समजणाऱ्यांनी ही दोन नाटके शेजारी ठेवून वाचावीत.

खरा तोडगा काढला गोविंद बल्लाळ देवलांनी. त्यांनी निवडलेले नाटक शेक्सपिअरचे नव्हते, आर्थर मर्फीचे ‘ऑल इन द राँग’ होते, १७६१ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेनला लागलेले. मर्फीनेही ते मोलिएरच्या ‘स्गानारेल’वरून उचलले होते, म्हणजे फ्रान्सहून इंग्लंड आणि इंग्लंडहून महाराष्ट्र असा त्या घोटाळ्याचा प्रवास. १८९३ मध्ये देवलांनी ते ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने गद्यात लिहिले; १९१६ मध्ये पदे घालून ते ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले आणि गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणले.

त्यातला एक प्रवेश जवळून पाहण्यासारखा आहे. रस्त्यात एक तरुणी भोवळ येऊन पडते. तिथून जाणारा संशयी म्हातारा फाल्गुनराव तिला सावरतो. वरून त्याची बायको कृत्तिका हे पाहते, आणि तीही नवऱ्याइतकीच संशयी. ती धावत खाली येते तोवर दोघे गेलेले, आणि रस्त्यात पडलेली एक तसबीर तिच्या हाती लागते. तसबीर आश्विनशेठची, ती बेशुद्ध पडलेल्या रेवतीच्या हातातून निसटलेली. कृत्तिका ती न्याहाळत उभी असते, काय देखणा पुरुष आहे म्हणते, आणि नेमका तेव्हा मागून फाल्गुनराव येतो. आता त्याला बायकोचा यार सापडला, आणि तिला नवऱ्याची सखी आधीच सापडलेली. कोणी खोटे बोललेले नाही, कोणी काही केलेले नाही, आणि दोन संसार पेटलेले आहेत. मर्फीकडे सारी रचना अशीच आहे. देवलांनी ती जवळजवळ जशीच्या तशी ठेवली.

बदलली ती रेवती. मर्फीची बेलिंडा घरंदाज बापाची लेक आहे. बाप दुसऱ्याशी लग्न लावू पाहतो म्हणून ती घर सोडते. देवलांनी रेवतीला नायकिणीची मुलगी केली. एका फटक्यात सगळी कुलुपे उघडली. ती वयात आलेली आहे आणि अविवाहित आहे. ती रस्त्याने एकटी जाऊ शकते. श्रीमंत तरुण तिच्या घरी येऊ शकतो, तिला आपली तसबीर देऊ शकतो. आणि त्या तरुणाला तिच्याशी लग्न करायचे आहे म्हटल्यावर नात्यागोत्यातल्यांचा विरोध आपोआप तयार होतो, तो वेगळा रचावा लागत नाही. शिवाय आश्विनशेठ रेवतीवर संशय घेतो तेव्हा त्याला मूळ इंग्रजी नाटकात नसलेली एक धार येते: जिच्या आईचा धंदाच हा, तिच्यावर विश्वास कसा ठेवावा? हलक्याफुलक्या नाटकात देवलांनी हा काटा ठेवला आहे आणि बोट लावल्याशिवाय तो लागत नाही. सगळ्या पात्रांना महिने आणि नक्षत्रांची नावे देण्याची गंमतही त्यांचीच. भादव्या हा नोकर, मघा ही नायकीण, वैशाखशेठ हा चुलता. अशा नावांची माणसे कुठल्याच गावात नसतात, त्यामुळे हे कोणाचेच घर नाही आणि प्रत्येकाचे आहे.

देवलांच्या या रूपांतराला मी मराठीतले सगळ्यात चतुर रूपांतर म्हणतो. पदांनी मात्र नाटकाचा वेग कमी केला, हे गंधर्वभक्तांचा राग पत्करून सांगावे लागते. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती यांची कीर्ती आपण वाचतो, पण संशयाला संगीताची वाट पाहायला वेळ नसतो. हौशी मंडळींनी प्रयोग करताना १८९३ ची गद्य नक्कल समोर ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

तिसरा तोडगा पुन्हा वऱ्हाडातला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे शालेय शिक्षण अकोल्याला झाले. पुढे वकिली खामगावला आणि मग जळगाव जामोदला, म्हणजे आपल्याच सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोटच्या पश्चिमेला. कोर्टातून आल्यावर या गृहस्थाने जी नाटके लिहिली ती पुण्या-मुंबईच्या मंडळ्या रांगेने घेऊन गेल्या. ‘वीरतनय’ १८९६ मध्ये किर्लोस्कर मंडळीने लावले. मग ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजूष’, ‘मतिविकार’. त्यांनी शेक्सपिअर, मोलिएर, शेरिडन पचवले आणि कोणाचेही रूपांतर केले नाही. त्यांनी वेषांतर, हरवलेला वारस, मुका झाल्याचे सोंग, शब्दांची चकमक एवढी सामग्री उचलली आणि कुठल्याच नकाशावर नसलेल्या काल्पनिक राज्यांत नेऊन ठेवली. तिथे राजकन्या वयात येईपर्यंत अविवाहित राहू शकतात, तरुणाशी चढाओढीने बोलू शकतात, शिक्षणाचा हक्क मागू शकतात. देवलांनी नायिका शोधण्यासाठी समाजाच्या कडेला पाहिले, कोल्हटकरांनी समाजच नवा बांधला.

त्याची किंमतही मोजावी लागली. कोटीवर कोटी, श्लेषावर श्लेष; वाचताना माणूस थांबून दाद देईल, पण नाटकात थांबायला कुठे मिळते? मागच्या रांगेपर्यंत दुसरी कोटी पोचेतो पहिली हरवते. आज ‘मूकनायका’चा सलग प्रयोग करणे कठीण आहे, आणि त्यांचा विनोद ‘सुदाम्याच्या पोह्यां’त जास्त मोकळा वाटतो, तिथे त्याला राजवाडे उभारावे लागत नाहीत. तरी गडकरी त्यांना गुरू मानत हे विसरता येत नाही. गडकऱ्यांच्या नाटकांत जे हसू आहे त्याची एक मुळी जळगाव जामोदच्या वकिलाच्या घरात आहे.

ही नाटके अकोटसारख्या गावापर्यंत पोचली ती कापसाच्या पैशाने. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते ६५ मध्ये, वऱ्हाडी कापसाला सोन्याचे भाव आले. १८६७ पर्यंत लोहमार्ग नागपूरला भिडला आणि अकोला-बडनेरा ही मुंबईच्या गाडीची ठाणी झाली. नाटक मंडळ्यांना मुक्काम हवा तो पैसा खेळत असलेल्या गावी, आणि पैसा खेळे तो कापूस विकला गेल्यावर. अमरावतीला दादासाहेब खापर्ड्यांसारखे नाटकाचे शौकीन वकील होते. अकोट रेल्वेपासून दूर; अकोल्याला उतरले की पुढे बैलगाड्यांचा रस्ता. इथल्या माणसाला नाटक पाहायचे तर तोच अकोल्याला जाई, दमणी जुंपून, शिदोरी बांधून. अकोटच्या सुती सतरंज्या दूरवर प्रसिद्ध होत्या. सतरंजीवर मांडी घालून बसणारा आणि रात्रभर सोंगी भजन, दंडार, गोंधळ पाहणारा हा प्रेक्षक विनोदाला नवखा नव्हता. त्याच्याकडे सोंगाड्या होता, बतावणी होती, पाटलाची आणि सावकाराची नक्कल होती. नवे होते ते कथानक. दंडारीतला विनोद प्रसंगाप्रसंगाने सुटा असतो. एक सोंग गेले की दुसरे येते. इथे मात्र पहिल्या अंकात हरवलेली तसबीर पाचव्या अंकापर्यंत लक्षात ठेवायची होती, आणि गंमत त्या लक्षात ठेवण्यातच होती.

व्हिक्टोरियन काळाची शेवटची देणगी आपल्याकडे फार उशिरा आली. ब्रँडन टॉमसचे ‘चार्लीज आंट’ १८९२ मध्ये लंडनला लागले आणि त्याचे सलग १,४६६ प्रयोग झाले. देवल ‘फाल्गुनराव’ लिहीत होते तेव्हा लंडनमध्ये हेच नाटक चालू होते. तरी त्याचे मराठी रूपांतर, आचार्य अत्र्यांचे ‘मोरूची मावशी’, यायला अर्धशतक उलटले, स्वातंत्र्याचे दिवस उजाडले. मला हा उशीर अगदी बरोबर वाटतो. या नाटकाचा सगळा डोलारा एका नियमावर उभा आहे: दोन कॉलेजकुमारांना दोन मुलींना जेवायला बोलवायचे आहे, पण घरात कोणी वडीलधारी बाई असल्याशिवाय मुली येऊ शकत नाहीत. ब्राझीलहून येणारी मावशी वेळेवर पोचत नाही म्हणून एका मित्राला लुगडे नेसवावे लागते. म्हणजे मुलगी जेवायला बोलावण्याइतकी मोकळी हवी आणि एकटी न येण्याइतकी बांधलेलीही हवी. १८९३ च्या पुण्यात ती पहिल्या अटीतच बसत नव्हती. चाळीसच्या दशकात कॉलेजात जाणाऱ्या मराठी मुली दोन्ही अटींत तंतोतंत बसल्या. अत्र्यांना रेवतीसारखी पळवाट शोधावी लागली नाही.

शिवाय पुरुषाने लुगडे नेसून बाई होणे ही आपल्या रंगभूमीची शंभर वर्षांची सवय. ती सवय मोडत आली तेव्हाच ‘मावशी’ आली, आणि जे पूर्वी गांभीर्याने होत होते त्यावर लोक मनसोक्त हसले. १९८५ मध्ये हे नाटक पुन्हा उभे राहिले, विजय चव्हाणांनी मावशी केली, आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात ती मावशी घरची झाली.

पुढच्या संहिता वाचताना किंवा बसवताना एक सूचना. या नाटकांत विनोदी बोलायचे कमी आहे आणि खरे मानायचे जास्त. फाल्गुनराव विनोदी माणूस नाही. त्याची खात्री आहे की घर बुडाले. तो डोळे मिचकावून प्रेक्षकाला सामील करून घेऊ लागला की नाटक पडलेच म्हणून समजा. आपल्या नटांना सोंगाड्याची सवय असते, प्रेक्षकाशी थेट बोलण्याची, आणि ती मोठी ताकद आहे, पण इथे ती पाचव्या अंकापर्यंत खिशात ठेवावी. तसबीर रस्त्यात पडते तेव्हा तिचा आवाज व्हायला हवा आणि ती पहिल्या रांगेतल्याला दिसायला हवी, म्हणून चौकट लाकडी घ्यावी, पुठ्ठ्याची नको. कृत्तिकेने ती उचलण्याआधी एकदा नवरा गेला त्या बाजूला पाहावे. तेवढ्या एका नजरेत पुढचे चार अंक आहेत. तालमीला वेळ कमी पडला तर बाकी काही सोडा, ही नजर बसल्याशिवाय पुढे जाऊ नका.